वाचकांचे प्रश्न : अवघड नावाची भीती आणि खरे विष

गेल्या काही आठवड्यांत आलेली बरीचशी पत्रे एकाच विषयाची आहेत. अन्नात, पाण्यात किंवा दुधात काहीतरी घातक ‘केमिकल’ आहे असे कोणीतरी सांगितले, करून दाखवले किंवा मोबाइलवर पाठवले, आणि त्यावर विश्वास ठेवावा की नाही हे पत्रलेखकांना ठरवता येईना. म्हणून या वेळी इतर विषय बाजूला ठेवून हीच पत्रे घेतली आहेत. पहिले उत्तर मुद्दाम सविस्तर दिले आहे, कारण पुढच्या प्रश्नांची उकल बरीचशी त्यातच आहे.

प्रश्न : राष्ट्रीय विज्ञान दिनानिमित्त आमच्या शाळेतील नववीच्या मुलांनी ‘डायहायड्रोजन मोनॉक्साइड’ या पदार्थाचे दुष्परिणाम सांगणारे पत्रक काढले आणि त्यावर बंदी घालावी अशा निवेदनावर आठवडी बाजारात लोकांच्या सह्या घेतल्या. सह्या भराभर मिळाल्या. हा पदार्थ म्हणजे साधे पाणी आहे असे मुलांनी संध्याकाळी जाहीर केले तेव्हा काही पालक रागावले, आणि एका ज्येष्ठ ग्रामस्थांनी ‘आम्हाला अडाणी ठरवण्यासाठी शाळा आहे का?’ असे विचारले. हा प्रकार मूळचा कुठला आहे? मुलांनी केले ते योग्य होते का?
— एक शिक्षिका, औसा, जि. लातूर

उत्तर : ताई, त्या पत्रकात बहुधा एकही विधान खोटे नसेल, आणि हा प्रकार समजून घेण्यासारखा आहे तो त्यामुळेच. पाण्याच्या रेणूत हायड्रोजनचे दोन आणि ऑक्सिजनचा एक अणू असतो. ‘डायहायड्रोजन मोनॉक्साइड’ या नावाचा अर्थ तेवढाच. हा पदार्थ श्वासावाटे फुप्फुसात गेला तर मृत्यू ओढवतो, कारण माणूस बुडून मरतो. त्याच्या वायुरूपाने गंभीर भाजते, कारण ती वाफ असते. तो आम्लवर्षेचा मुख्य घटक आहे, जमिनीची धूप करतो, लोखंड गंजवतो, कीटकनाशकांच्या फवारणीत वापरला जातो, कर्करोगाच्या गाठींमध्ये सापडतो आणि अणुऊर्जा प्रकल्पांत वापरला जातो. यातले प्रत्येक वाक्य तपासले तरी खरेच ठरेल.

या खोडीची सर्वांत जुनी ज्ञात नोंद १९८३ सालची आहे. अमेरिकेतील मिशिगन राज्यात ड्यूरँड नावाच्या गावी निघणाऱ्या एका साप्ताहिकाने १ एप्रिलला बातमी दिली की, शहराच्या जलवाहिन्यांत ‘डायहायड्रोजन ऑक्साइड’ सापडले असून ते नाकातोंडात गेल्यास प्राणघातक ठरते. पुढे १९९० च्या सुमारास कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांताक्रूझ येथील विद्यार्थ्यांनी त्याचे धोक्याची सूचना देणारे पत्रक केले आणि १९९४ मध्ये त्याला बंदीच्या मोहिमेचे रूप आले. मात्र जगभर त्याची चर्चा झाली ती १९९७ मध्ये, आणि तीही तुमच्या विद्यार्थ्यांच्याच वयाच्या एका मुलामुळे. आयडाहो फॉल्स या गावातील चौदा वर्षांच्या नेथन झोनरने हे पत्रक नववीच्या ५० विद्यार्थ्यांना वाचायला दिले आणि या पदार्थाचे काय करावे असे विचारले. ४३ जणांनी बंदीच्या बाजूने मत दिले, सहा जणांना ठरवता आले नाही, आणि हे पाणी आहे हे एकाच विद्यार्थ्याने ओळखले. ‘आपण किती सहज फसतो?’ असा सवाल करणाऱ्या या प्रकल्पाला तिथल्या विज्ञान प्रदर्शनात पहिले पारितोषिक मिळाले. खऱ्या माहितीचा वापर करून लोकांना चुकीच्या निष्कर्षाकडे नेण्याच्या पद्धतीला एका अमेरिकी पत्रकाराने त्या मुलाचे आडनाव जोडून ‘झोनरिझम’ असा शब्द घडवला.

तुमच्या गावातील ज्येष्ठांना एक गोष्ट आवर्जून सांगा. या पत्रकाला बळी पडणाऱ्यांत शिकलेले आणि अधिकारपदावरचे लोकही आहेत. २००४ मध्ये कॅलिफोर्नियातील अलिसो व्हिएहो या शहराच्या नगरपरिषदेपुढे, फोमचे पेले तयार करताना हे रसायन वापरले जाते या कारणावरून त्या पेल्यांवर निर्बंध घालण्याचा प्रस्ताव येऊन ठेपला होता. ऐनवेळी चूक लक्षात आली आणि तो मागे घेतला गेला. २००७ मध्ये न्यूझीलंडच्या संसदेतील जॅकी डीन या सदस्यांनी, या पदार्थावर बंदी घालण्याबाबत तज्ज्ञ समितीचे मत काय आहे, अशी लेखी विचारणा तिथल्या आरोग्य खात्याच्या सहमंत्र्यांकडे केली. २०१३ च्या १ एप्रिलला फ्लोरिडातील दोन रेडिओ निवेदकांनी ‘तुमच्या नळातून डायहायड्रोजन मोनॉक्साइड येत आहे’ असे सांगितले. लोकांनी घाबरून इतके फोन केले की पाणीपुरवठा विभागाला पाणी सुरक्षित असल्याचा खुलासा करावा लागला. म्हणजे सही करणाऱ्याच्या शिक्षणात काही उणे होते असे समजण्याचे कारण नाही. खोट लेखनाच्या रचनेत आहे, आणि ती ओळखायला शिकता येते.

या पत्रकात दोन गोष्टी मुद्दाम वगळलेल्या असतात. पहिली गोष्ट प्रमाण. किती पदार्थ, कोणत्या मार्गाने, किती काळ शरीरात गेला तर अपाय होतो, हे सांगितल्याशिवाय ‘घातक’ या शब्दाला अर्थ नसतो. पॅरासेल्सस या वैद्याने सोळाव्या शतकातच लिहून ठेवले की सर्वच पदार्थ विष आहेत आणि विष ठरते ते मात्रेवर. पाणीसुद्धा थोड्या वेळात फार प्रमाणात प्यायल्यास रक्तातील सोडियम धोकादायक पातळीपर्यंत खाली येते. दुसरी वगळलेली गोष्ट म्हणजे उपयोग. या पदार्थाशिवाय माणूस काही दिवसांत मरतो, एवढे एक वाक्य पत्रकात आले असते तर एकही सही मिळाली नसती.

वगळण्याच्या जोडीला अनोळखी नाव असते. नाव उच्चारायला अवघड असले की पदार्थ धोकादायक वाटतो, हे प्रयोगांनी दाखवून दिले आहे. ह्युनजिन साँग आणि नॉर्बर्ट श्वार्ट्झ या मानसशास्त्रज्ञांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात लोकांना अन्नात मिसळायच्या पदार्थांची काल्पनिक नावे दिली होती. त्यांतले कोणतेही द्रव्य अस्तित्वातच नव्हते. तरीही ज्यांचा उच्चार जड जातो ते पदार्थ अधिक हानिकारक असतील असा अंदाज लोकांनी दिला. वैद्यकीय आणि शास्त्रीय परिभाषा परक्या भाषेतून शिकणाऱ्या आपल्या मुलांना हा धोका अधिक आहे असे मला वाटते, कारण त्यांच्यासाठी बहुतेक रासायनिक नावे सारखीच परकी असतात. त्यांतले कोणते मिठाचे आणि कोणते विषाचे, हे कानाला कळत नाही.

आता उपक्रमाच्या योग्यतेविषयी. माझे मत असे आहे की हा प्रयोग वर्गात जरूर करावा, पण बाजारात करू नये. झोनरने तो आपल्या बरोबरीच्या मुलांवर केला होता. आठवडी बाजारात सही करणारा माणूस पत्रकावर जितका विश्वास ठेवतो त्याहून अधिक विश्वास तो गणवेशातल्या मुलांवर आणि त्यांच्या मागे उभ्या असलेल्या शाळेवर ठेवतो. शिवाय तुमच्या जिल्ह्यातील लोक पाण्याच्या शुद्धतेविषयी सावध असणारच. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. पहिल्या फेरीत दहा वाघिणींतून पाच लाख लिटर पाणी आले होते. ज्यांनी पाण्यासाठी असे दिवस काढले आहेत त्यांनी ‘पाण्यात काहीतरी मिसळले आहे’ या सूचनेवर सही केली, तर त्यामागे आस्था होती, आणि त्या आस्थेचा मान राखला गेला पाहिजे होता.

तरीही झालेल्या उपक्रमाचे चीज करता येईल. मुलांनी तेच पत्रक घेऊन पुन्हा त्याच लोकांकडे जावे, झाल्याबद्दल दिलगिरी व्यक्त करावी, आणि प्रत्येक वाक्यापुढे ‘किती?’ आणि ‘कशावरून?’ हे प्रश्न लिहून ती वाक्ये त्यांच्याबरोबर बसून तपासावीत. ज्या गृहस्थांनी रागाने प्रश्न विचारला त्यांनाच या बैठकीचे अध्यक्षस्थान द्यावे, अशी माझी तुम्हाला विनंती आहे.

प्रश्न : रेशनच्या तांदळात काही दाणे वेगळेच दिसतात. ते पाण्यावर तरंगतात आणि भात शिजल्यावर पेजेवर पातळ पापुद्रा येतो. हे प्लास्टिकचे तांदूळ आहेत असे सांगणारा व्हिडिओ गावात फिरत आहे. आम्ही ते दाणे निवडून टाकतो. बरोबर करतो का?
— एक वाचक, केज, जि. बीड

उत्तर : ते दाणे कृपया टाकू नका. ते पोषणयुक्त तांदळाचे दाणे आहेत. तांदळाच्या पिठात लोह, फॉलिक ॲसिड आणि बी-१२ जीवनसत्त्व मिसळतात, ते मिश्रण यंत्रातून दाबून तांदळाच्या आकाराचे दाणे पाडतात, आणि साध्या शंभर किलो तांदळात असे एक किलो दाणे मिसळतात. रेशन आणि शालेय पोषण आहारासह सरकारी योजनांमधून असा तांदूळ २०२४ पर्यंत सर्वत्र देण्याची घोषणा १५ ऑगस्ट २०२१ रोजी झाली होती. पिठापासून बनवल्यामुळे या दाण्यांचा रंग आणि घनता थोडी वेगळी असते, म्हणून त्यांतले काही तरंगतात. रक्तक्षयाने ग्रासलेल्या बायकामुलांसाठी तांदळात जे घातले आहे, तेच आपण निवडून फेकतो आहोत, याचे मला फार वाईट वाटते.

पेजेवरचा पापुद्रा स्टार्चचा आहे. कोणत्याही तांदळाची पेज वाळली की तो येतो. शिजलेल्या भाताचा घट्ट गोळा करून आपटला तर थोडा उसळतो, तेही स्टार्चच्या चिकटपणामुळे; व्हिडिओत हेच ‘पुरावा’ म्हणून दाखवतात. खात्री करायची असेल तर शाळेच्या प्रयोगशाळेतून आयोडिनचे द्रावण मागून घ्या आणि शिजवून कुस्करलेल्या दाण्यावर त्याचा एक थेंब टाका. स्टार्च असेल तर निळाकाळा रंग येतो. प्लास्टिकवर तो येत नाही. शिवाय प्लास्टिकचा दाणा शिजत नाही, तापवला तर वितळतो, आणि त्याचा कच्चा मालच तांदळापेक्षा महाग पडतो, त्यामुळे अशा भेसळीत कोणाला फायदा होण्यासारखे काही नाही. घरात कोणाला थॅलॅसेमिया हा रक्ताचा आनुवंशिक आजार असेल तर मात्र लोहयुक्त तांदळाबद्दल डॉक्टरांना जरूर विचारा.

प्रश्न : पाणी शुद्ध करण्याचे यंत्र विकणारा एक माणूस घरी आला. त्याने आमच्या बोअरच्या पाण्यात आणि त्याच्या यंत्राच्या पाण्यात विजेच्या दोन-दोन कांड्या घातल्या. आमचे पाणी मिनिटभरात तपकिरी-काळे झाले, त्याचे स्वच्छ राहिले. नंतर त्याने मीटर लावून आमच्या पाण्याचा टीडीएस ८०० दाखवला आणि ‘हे पाणी प्याल तर किडन्या जातील’ असे सांगितले. सासूबाई तेव्हापासून पाणी प्यायला घाबरतात. काय करावे?
— एक गृहिणी, जिंतूर, जि. परभणी

उत्तर : ताई, त्या माणसाने दाखवलेला रंग तुमच्या पाण्यातला नव्हता. तो त्याच्याच कांड्यांमधून आला होता. त्या उपकरणात एक कांडी लोखंडाची असते. पाण्यात क्षार विरघळलेले असले की त्यातून वीज वाहते, आणि वीज वाहू लागली की लोखंड झिजून पाण्यात उतरते व त्याची संयुगे तपकिरी, हिरवट, काळ्या गाळाच्या रूपाने दिसू लागतात. यंत्राच्या पाण्यात क्षार जवळपास नसतात, म्हणून त्यातून वीज वाहत नाही आणि रंगही येत नाही. असा विक्रेता पुन्हा आला तर त्याला त्याच्याच शुद्ध पाण्यात चिमूटभर मीठ टाकून तोच प्रयोग करायला सांगा. ते पाणीही तसेच गढूळ होईल. कांड्यांना घरच्या विजेचा प्रवाह असतो, तेव्हा त्याला तुम्ही स्वतः हात लावू नका.

हळदीच्या डागाला साबण लागला की तो लाल होतो, हे प्रत्येक घरात दिसते. लिंबातून ‘रक्त’ काढून दाखवणारे भोंदू असेच रंग बदलणारे पदार्थ वापरतात, आणि अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कार्यकर्त्यांनी गावोगावी प्रयोग करून ते उघड केले आहे. कांड्यांचा खेळ त्याच जातीचा आहे. फरक इतकाच की इथे करणी-भानामतीच्या जागी विज्ञानाची भाषा आली आहे, आणि म्हणून तो अधिक चीड आणणारा आहे.

टीडीएस म्हणजे पाण्यात विरघळलेल्या सर्व क्षारांची एकूण मात्रा. हातातले मीटर पाण्याची विद्युतवाहकता मोजून तिच्यावरून अंदाज देते. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकानुसार प्रतिलिटर ५०० मिलिग्रॅमपर्यंतचा टीडीएस योग्य मानला जातो आणि दुसरा स्रोत नसेल तर २००० पर्यंतचा चालतो. तुमचे ८०० हे चवीला जड, भांड्यांवर पांढरा थर आणणारे पाणी आहे. तेवढ्यावरून मूत्रपिंड निकामी होतील असे म्हणण्याला आधार नाही. सासूबाईंना हे समजावून सांगा, कारण उन्हाळ्यात वयस्कर माणसाने भीतीपोटी पाणी कमी पिणे हेच मूत्रपिंडाला खरोखर अपायकारक आहे.

पण इथेच थांबू नका. विक्रेत्याचे मीटर जे दाखवू शकत नाही त्याची चौकशी करा. मराठवाड्यातील अनेक विहिरींच्या आणि बोअरच्या पाण्यात नायट्रेट वाढलेले आहे, ते खतांमुळे आणि सांडपाणी मुरल्यामुळे. नांदेड जिल्ह्यात किनवटसारख्या भागात फ्लोराइडचा प्रश्न जुना आहे. मानकानुसार नायट्रेट ४५ मिलिग्रॅमपेक्षा आणि फ्लोराइड १ मिलिग्रॅमपेक्षा, अगदीच पर्याय नसेल तर दीड मिलिग्रॅमपेक्षा अधिक असू नये. नायट्रेट जास्त असलेल्या पाण्यात बाळाचे वरचे दूध केले तर बाळाच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची क्षमता घटते. फ्लोराइड वर्षानुवर्षे पोटात गेले तर आधी दातांवर डाग पडतात आणि पुढे हाडे व सांधे आखडतात. ही दोन्ही द्रव्ये रंगाने, वासाने किंवा चवीने ओळखता येत नाहीत. टीडीएस ३०० असलेल्या पाण्यातही फ्लोराइड घातक पातळीवर असू शकते. उकळण्याने ती जात नाहीत, उलट पाणी आटून थोडी वाढतात. ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकामार्फत किंवा थेट जाऊन पाण्याचा नमुना जिल्ह्याच्या शासकीय पाणी तपासणी प्रयोगशाळेत द्या आणि टीडीएसबरोबर नायट्रेट, फ्लोराइड व जिवाणूंची तपासणी मागा. यांपैकी काही मर्यादेबाहेर निघाले तर तुम्ही पाहिले तसे यंत्र खरोखर उपयोगी पडेल, कारण ते नायट्रेट आणि फ्लोराइड कमी करते. अहवाल ठीक आला तर ते घेण्याचे कारण नाही. अशी यंत्रे शुद्ध पाण्याच्या प्रत्येक लिटरमागे अनेकदा त्याहून अधिक पाणी वाया घालवतात, आणि आपल्या भागात ते परवडणारे नाही.

प्रश्न : बिस्किटे, जॅम, सरबते यांवरील ई-क्रमांकांची यादी मैत्रिणीने पाठवली. त्यात ई-३३० हे सर्वांत धोकादायक, कर्करोगकारक असल्याचे लिहिले आहे. यादीखाली एका परदेशी कर्करोग रुग्णालयाचे नाव आहे.
— एक वाचक, उमरगा, जि. धाराशिव

उत्तर : ई-३३० म्हणजे सायट्रिक ॲसिड, आपल्या किराणा दुकानात मिळणारे लिंबूसत्त्व. ते लिंबात आणि मोसंबीतही असते. तुमच्या मैत्रिणीला आलेली यादी माझ्या माहितीप्रमाणे जवळपास पन्नास वर्षे जुन्या अफवेचे वंशज आहे. १९७६ मध्ये फ्रान्समध्ये टंकलिखित एक पान फिरू लागले. पॅरिसजवळच्या व्हिलज्विफ येथील नामांकित कर्करोग संस्थेने ते काढले आहे असा त्यात दावा होता, आणि ई-३३० ला सर्वांत घातक ठरवले होते. गुस्ताव्ह रूसी या त्या संस्थेने आपला या कागदाशी संबंध नसल्याचे वारंवार सांगितले, तरीही लोक त्याच्या प्रती काढून शाळांत आणि दवाखान्यांत वाटत राहिले आणि अनेक वर्षे तो युरोपभर फिरत राहिला. कर्करोगाच्या रुग्णालयाचे नाव खाली असल्यावर कोण शंका घेणार?

आपल्या शरीरातील पेशी अन्नापासून ऊर्जा मिळवतात त्या प्रक्रियेच्या मध्यभागीच सायट्रिक ॲसिड आहे. हान्स क्रेब्स यांनी ते चक्र १९३७ मध्ये उलगडले आणि त्यांना १९५३ चे नोबेल पारितोषिक मिळाले. ई-क्रमांक म्हणजे युरोपात तपासणी होऊन वापरास मान्यता मिळाल्याची खूण असते. तो धोक्याचा इशारा नाही. बिस्किटांतील साखर आणि मैदा यांबद्दल काळजी केलीत तर ते योग्यच होईल.

प्रश्न : ‘दुधातील भेसळ थांबली नाही तर २०२५ पर्यंत ८७ टक्के भारतीयांना कर्करोग होईल, असे जागतिक आरोग्य संघटनेने सांगितले आहे,’ हा संदेश खरा आहे का? २०२५ उलटले तरी तो फिरतोच आहे. आमचा दुधाचा जोडधंदा आहे.
— एक दूध उत्पादक, कळमनुरी, जि. हिंगोली

उत्तर : नाही. असा कोणताही इशारा दिलेला नाही, हे जागतिक आरोग्य संघटनेकडून स्पष्ट झालेले आहे आणि केंद्र सरकारनेही तसा खुलासा एकाहून अधिक वेळा केला आहे.

दुधाची खरी परिस्थिती काय आहे, तेही सांगतो. अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०१८ मध्ये देशभरातून दुधाचे ६,४३२ नमुने तपासले. आरोग्याला घातक ठरेल अशी भेसळ त्यांतल्या १२ नमुन्यांत आढळली. याउलट ५.७ टक्के नमुन्यांत अफ्लाटॉक्सिन एम-१ मर्यादेपेक्षा जास्त होते, आणि ही बाब मला तुमच्यापर्यंत पोहोचवायची आहे. अफ्लाटॉक्सिन कोणी कारखान्यात करून मिसळत नाही. ओलसर जागी साठवलेल्या सरकी पेंडीवर, शेंगदाणा पेंडीवर आणि मक्यावर वाढणारी बुरशी ते तयार करते. जनावराने तो चारा खाल्ला की त्याचा अंश दुधात उतरतो, आणि यकृताच्या कर्करोगाशी अफ्लाटॉक्सिनचा संबंध सिद्ध झालेला आहे. दूध उकळून ते नष्ट होत नाही. तुम्ही पेंड कोरड्या, हवेशीर जागी, जमिनीपासून उंचावर ठेवा, पावसाळ्यात फार दिवसांचा साठा करू नका, आणि बुरशी आलेली पेंड ‘जनावराला चालते’ म्हणून घालू नका. पोटात जाणारे हे विष पूर्णपणे नैसर्गिक आहे, आणि त्याची अफवा कोणी पसरवत नाही.

प्रश्न : तुम्ही लोक म्हणता की पाणीही रसायनच आहे, मीठही रसायनच आहे, घाबरू नका. मग आम्ही मोसंबीवर फवारतो तेही रसायनच, त्यालाही घाबरू नये का? कंपन्यांना हेच हवे आहे. माझ्या शेजारच्या शेतात फवारणी करणारा माणूस चक्कर येऊन पडला होता.
— एक शेतकरी, अंबड, जि. जालना

उत्तर : दादा, तुमचा राग रास्त आहे आणि तुमचा प्रश्न या सगळ्या पत्रांत सर्वांत महत्त्वाचा आहे. ‘सगळे काही रसायनच आहे’ हे वाक्य खरे असले तरी ते एखाद्या विषाच्या बचावासाठी वापरले जात असेल तर तीही डायहायड्रोजन मोनॉक्साइडच्या पत्रकासारखीच फसवणूक आहे, कारण तिथेही प्रमाण आणि मार्ग वगळलेले असतात. भोपाळमध्ये १९८४ च्या २ आणि ३ डिसेंबरच्या रात्री मिथाइल आयसोसायनेट वायूने हजारो माणसे मारली. एंडोसल्फान या कीटकनाशकावर सर्वोच्च न्यायालयाला २०११ मध्ये बंदी घालावी लागली. २०१७ मध्ये आपल्या शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले. या रसायनांची भीती अज्ञानातून आलेली नाही, ती अनुभवातून आली आहे, आणि ती बाळगायलाच हवी. मला एवढेच वाटते की ही भीती लिंबूसत्त्वावर आणि रेशनच्या दाण्यांवर खर्च होऊ नये, कारण फवारणीच्या पंपाजवळ तिची खरी गरज आहे.

औषधाच्या डब्यावर चौकोनात रंगीत त्रिकोण असतो. लाल सर्वांत विषारी, त्याखालोखाल पिवळा, मग निळा, आणि हिरवा सर्वांत कमी. लाल त्रिकोणाच्या औषधाचे काही थेंब पोटात गेले तरी जिवावर बेतू शकते. पण फवारताना विष मुख्यतः कातडीतून आणि श्वासातून जाते, म्हणून भिजलेला सदरा अंगावर तसाच ठेवणे सर्वांत धोक्याचे. वारा ज्या बाजूने येतो तिकडे पाठ करून फवारावे, पूर्ण बाह्यांचे कपडे, रबरी हातमोजे आणि मुखपट्टी वापरावी, भर उन्हात फवारू नये, दोन-तीन औषधे आपल्या अंदाजाने एकत्र करू नयेत, नोझल तोंडाने फुंकू नये, आणि काम संपताच साबणाने अंघोळ करावी. फवारणी आणि तोडणी यांमध्ये किती दिवस सोडायचे ते डब्यासोबतच्या माहितीपत्रकात लिहिलेले असते. मोसंबी खाणाऱ्याची सुरक्षितता त्यावर अवलंबून आहे. घरी केलेल्या अर्कालाही हेच नियम लावा. दशपर्णी अर्कात कण्हेरीचा पाला असतो, आणि कण्हेर हृदय बंद पाडू शकते. अर्क झाडपाल्याचा आहे म्हणून तो उघड्या हाताने ढवळणे योग्य नाही.

शेजारच्या माणसासारखी वेळ पुन्हा आली तर काय करायचे तेही सांगतो, कारण त्या वेळी शोधायला अवधी नसतो. सेंद्रिय फॉस्फरस गटातील कीटकनाशकाची बाधा झाली की बाहुल्या बारीक होतात, तोंडातून लाळ येते, घाम सुटतो, स्नायू फडफडतात आणि श्वास जड होतो. माणसाला सावलीत, मोकळ्या हवेत न्या, अंगावरचे कपडे काढा आणि कातडी साबणपाण्याने धुवा. धुताना स्वतःच्या हातात मोजे असू द्या. मिठाचे पाणी पाजून उलटी करवू नका, कारण शुद्ध हरपत असलेल्या माणसाच्या श्वासनलिकेत ती जाते. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा आणि औषधाचा डबा किंवा त्यावरचे लेबल सोबत पाठवा. या गटाच्या विषावर ॲट्रोपिन हा उतारा आहे, पण दुसऱ्या अनेक गटांच्या विषांना तो चालत नाही. कोणते औषध फवारले होते हे लेबलवरून कळले तर डॉक्टरांचा वेळ वाचतो.